जर्मनीचं हेल्थ कार्ड घेऊन शेजारच्या देशात: आजारी पडलात तर सरकारी उपचार कसे मिळवायचे

जर्मनीला नऊ शेजारी देश आहेत. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाचं जर्मन हेल्थ कार्ड त्यांतल्या सात देशांत चालतं, दोन देशांत चालत नाही. ते दोन म्हणजे स्वित्झर्लंड आणि डेन्मार्क. आणि पुण्या-नागपूरहून आई-बाबा आले की आपण त्यांना सगळ्यात आधी नेतो ते स्वित्झर्लंडलाच.

नव्याने इकडे आलेल्या मराठी मंडळींना हे कागद समजावून सांगताना त्याच त्या चुका मला पुन्हा पुन्हा दिसतात. कार्ड खिशात असतं, पण उपचार झाल्यावर बाहेर काढलं जातं. हॉटेलने बोलावलेला डॉक्टर सरकारी यंत्रणेतला असेल असं धरून चालतात. बिल सांभाळतात आणि ज्या कागदावर पैसे परत मिळतात तो टाकून देतात. म्हणून पायऱ्या ज्या क्रमाने लागतात त्याच क्रमाने लिहिते आहे. हा लेख मुख्यतः जर्मनीत पब्लिक इन्शुरन्स असलेल्यांसाठी आहे. नेदरलँड्स, ऑस्ट्रिया किंवा फ्रान्समध्ये राहत असाल तर मूळ नियम तेच, फक्त कार्ड देणारी संस्था वेगळी.

टप्पा १: कार्ड उलटं करून बघा

तुमच्या क्रांकनकासेने, म्हणजे आरोग्य विमा संस्थेने, दिलेल्या कार्डाची पुढची बाजू जर्मनीसाठी. मागची निळी बाजू म्हणजे युरोपियन हेल्थ इन्शुरन्स कार्ड. लोक त्याला ई-एच-आय-सी किंवा नुसतं 'एहिक' म्हणतात. ते वेगळं मागवावं लागत नाही आणि त्याचे वेगळे पैसेही नाहीत. टीके, आओके, बार्मर किंवा दुसरी कुठलीही सरकारी क्रांकनकासे असो, कार्ड तेच.

मागच्या बाजूला तीन गोष्टी बघा. नाव आणि जन्मतारीख पासपोर्टप्रमाणे आहेत का. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं आणि पासपोर्टवर एक, कार्डावर दुसरं असा घोळ फार जणांचा असतो. मग खाली उजवीकडची मुदतीची तारीख: सहल संपेपर्यंत ती टिकते का. तिसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. माहितीच्या रकान्यांत आकड्यांऐवजी फुल्या किंवा तारे छापलेले असतील तर त्या कार्डावर परदेशातला हक्क नाही. असं दिसलं तर निघण्याआधी क्रांकनकासेला फोन करा.

प्रत्येक मुलाचं कार्ड वेगळं असतं. आईच्या कार्डावर बाळाचे उपचार होत नाहीत. फॅमिली इन्शुरन्समध्ये सगळे एकत्र असले तरी प्रवासात प्रत्येकाचं कार्ड सोबत हवं.

सावध: प्रायव्हेट इन्शुरन्स असेल तर हे निळं कार्ड नसतंच. पगार वाढल्यावर प्रायव्हेटकडे वळलेले आयटीवाले आणि तीस ओलांडलेले बरेच विद्यार्थी यात मोडतात. त्यांनी आपली पॉलिसी कोणत्या देशांत आणि किती दिवस चालते हे कंपनीकडून लेखी घ्यावं. खालचे काही टप्पे त्यांच्या उपयोगाचे आहेत, कार्डाचे नियम नाहीत.

आणखी एक. मध्येच क्रांकनकासे बदलली असेल तर जुन्या कार्डावर दोन वर्षांची मुदत शिल्लक दिसत असली तरी ते कार्ड मेलेलं आहे. ते घरीही ठेवू नका. गडबडीत तेच पाकिटात जातं.

टप्पा २: देश कोणता आणि पासपोर्ट कोणता, हे दोन्ही ताडून बघा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि सगळ्यात महाग चूक इथेच होते.

युरोपियन युनियनबाहेरचा नागरिक एखाद्या सदस्य देशात कायदेशीर राहत असेल आणि तिथल्या सरकारी विम्यात असेल, तर त्याला हे कार्ड मिळतं आणि युनियनच्या इतर देशांत वापरताही येतं. त्याला अपवाद डेन्मार्कचा. शिवाय युनियनमध्ये नसलेल्या पण कार्ड स्वीकारणाऱ्या देशांपैकी चार लक्षात ठेवा: स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन. तिथेही आपल्यासारख्या तिसऱ्या देशाच्या नागरिकांना हे कार्ड वापरता येत नाही. कार्डावर यातलं काहीही छापलेलं नसतं. ऑफिसातला जर्मन सहकारी तेच कार्ड घेऊन झ्युरिकमध्ये उपचार घेऊन येतो आणि आपल्याला सांगतो, "काही काळजी करू नका, चालतं." त्याचं चालतं.

आता नऊ शेजाऱ्यांचा हिशेब. नेदरलँड्स, बेल्जियम, लक्झेंबर्ग, फ्रान्स, ऑस्ट्रिया, चेकिया आणि पोलंड इथे भारतीय पासपोर्टवर कार्ड चालतं. डेन्मार्क आणि स्वित्झर्लंड इथे नाही.

कोन्स्टान्झला राहणारे रविवारी पायी सीमा ओलांडून स्विस बाजूला फिरायला जातात. बासेलच्या आजूबाजूचे लोक ट्रामने जातात. लिंडाऊकडून निघालेले फाडुत्झला तासभर थांबतात, ते लिश्टेनश्टाइन. घसरून पाय मोडायला तासभर पुरतो.

एकाच घरात दोन प्रकारही असू शकतात. जर्मन नागरिकत्व घेतलेल्याचं कार्ड या सगळ्या देशांत चालतं. मूल इथे जन्मलं आणि जन्मतःच जर्मन नागरिक झालं असेल तर त्याचंही चालतं. आई-वडील अजून भारतीय असतील तर त्यांचं स्वित्झर्लंडमध्ये नाही. नवरा किंवा बायको युनियनचे नागरिक असतील तर कुटुंबीय म्हणून हक्क मिळू शकतो. अशा घरांनी क्रांकनकासेला ईमेलवर सरळ प्रश्न विचारावा: "माझा पासपोर्ट अमुक देशाचा, जाणार अमुक देशात. कार्ड चालेल का?" उत्तर लेखी घ्यावं.

तपासा: तिकीट काढण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे पासपोर्टचा देश आणि जायचा देश लिहून काढा. दोन मिनिटांचं काम आहे.

टप्पा ३: कार्डात जे येत नाही त्याची सोय करा

कार्ड म्हणजे प्रवास विमा नव्हे. कार्डाने एवढंच मिळतं: ज्या देशात आहात तिथल्या माणसाला सरकारी यंत्रणेत जे उपचार, ज्या दराने मिळतात, ते तुम्हालाही त्याच दराने. तिथल्या माणसाला फुकट तर तुम्हाला फुकट. त्याला खिशातून काही भरावं लागत असेल तर तुम्हालाही.

जर्मनीत परत आणण्याचा खर्च सरकारी विमा देत नाही, आणि कायद्यातच तसं लिहिलेलं आहे. ऑस्ट्रियात पाय मोडून आडवं पडल्यावर म्युनिकपर्यंत ॲम्ब्युलन्सने यायचं असेल तर पैसे आपले. डोंगरातून सोडवून आणणं हेही उपचारात धरत नाहीत. टिरोलमध्ये स्की करताना हेलिकॉप्टर बोलवावं लागलं तर काही हजार युरोंचं बिल घरी येतं. प्रायव्हेट दवाखाना, स्वतंत्र खोली, राहिलेल्या दिवसांचं हॉटेल बुकिंग यांतलंही काही नाही.

म्हणून वर्षभराचा परदेश प्रवास आरोग्य विमा घ्या. जर्मनीत एका माणसाला तो साधारण दहा ते वीस युरो वर्षाला पडतो. कार्ड न चालणाऱ्या देशांत तोच तुमचा एकमेव आधार आहे. घेताना तीन ओळी वाचा: एका सहलीला किती दिवस चालतो, परत आणण्याचा खर्च त्यात आहे का, आणि आधीपासूनच्या आजाराबद्दल काय म्हटलं आहे. डोंगरात वारंवार जाणाऱ्यांसाठी जर्मन आल्पाइन क्लबचं सदस्यत्व उपयोगी पडतं. त्यात डोंगरातल्या सुटकेचा खर्च २५,००० युरोंपर्यंत धरलेला आहे.

ऑफिसच्या कामासाठी जात असाल तर एचआरला आधी विचारा. कामावर परदेशी असताना आजारी पडलेल्या कर्मचाऱ्याचा उपचारखर्च आधी कंपनीने द्यायचा आणि मग क्रांकनकासेकडून वसूल करायचा, अशी तरतूद जर्मन कायद्यात आहे. एचआर जो ए-वन नावाचा कागद देते तो सोशल सिक्युरिटीचा पुरावा आहे. तो दवाखान्यात दाखवून काही होत नाही.

टप्पा ४: पाकीट तयार करा

मूळ कार्ड, पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट सोबत घ्या. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि बरोबरच्या एकाला पाठवा. पण फोटोवर दवाखाना समाधान मानेलच असं नाही.

कार्ड हरवलं किंवा घरी राहिलं तर त्याच्या जागी चालणारा एक कागद असतो, प्रोव्हिझोरिशे एरझात्सबेशायनिगुंग. म्हणजे कार्डाच्या बदल्यातलं तात्पुरतं प्रमाणपत्र. क्रांकनकासेकडे फोन, ईमेल किंवा ॲपवरून मागता येतं. दवाखान्याचा ईमेल किंवा फॅक्स दिला तर ते थेट तिकडेही पाठवतात. नवीन कार्ड यायला वेळ लागणार असेल तर हा कागद निघण्याआधीच घ्या. शनिवारी रात्री मागायला गेलात तर सोमवारपर्यंत थांबावं लागू शकतं.

औषधांचं थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्या घरांत भारतातून आणलेली पिशवीभर औषधं असतात. रोजची गोळी असेल तर तिचं ब्रँडचं नाव नाही, मूळ औषधाचं नाव आणि मात्रा लिहून घ्या. फ्रेंच किंवा डच डॉक्टरला क्रोसिन कळत नाही, पॅरासिटामोल कळतं. कॉम्बिफ्लाम म्हणालात तर तो नुसता बघत राहील. त्यात आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामोल दोन्ही आहेत हे त्याला कळलं नाही तर तेच औषध दुसऱ्यांदा दिलं जाऊ शकतं. जर्मन डॉक्टरचं ई-प्रिस्क्रिप्शन सीमेपलीकडच्या औषधाच्या दुकानात सहसा उघडत नाही. सही-शिक्क्याचं कागदी प्रिस्क्रिप्शन मागून घ्या. मिथाइलफेनिडेटसारखं नियंत्रित औषध चालू असेल तर शेंगेन देशांत नेण्यासाठी वेगळं प्रमाणपत्र लागतं. डॉक्टरने भरलेलं, सरकारी आरोग्य खात्याने शिक्का मारलेलं, ३० दिवस चालणारं.

डायलिसिस, ऑक्सिजन किंवा केमोथेरपी चालू असलेल्यांना कार्डावर उपचार मिळतात, पण तिथल्या केंद्राशी आधी बोलून जागा ठरवावी लागते. नुसतं जाऊन उभं राहू नका. गरोदरपणातले उपचार कार्डात येतात. मुद्दाम बाळंतपणासाठीच त्या देशात गेलात तर येत नाहीत.

सावध: उपचार घेण्यासाठीच प्रवास करणं हा पूर्ण वेगळा रस्ता आहे. ठरवून दुसऱ्या देशाच्या हॉस्पिटलात दाखल व्हायचं असेल तर क्रांकनकासेची आधी मंजुरी आणि एस-टू नावाचा फॉर्म लागतो. तिथे हे निळं कार्ड दाखवून भागत नाही.

टप्पा ५: आजारी पडल्यावरची पहिली पाच मिनिटं

छातीत कळ, श्वास लागणं, तोंड वाकडं होणं, जोराचा रक्तस्राव, बेशुद्धी: ११२. हा नंबर युनियनच्या सगळ्या देशांत चालतो, फोन फुकट लागतो. अशा वेळी कार्ड, पासपोर्ट, विमा यांचा विचार नंतर.

तातडी नाही, पण डॉक्टर लागणार आहे, अशा वेळी जर्मनीतल्या सवयीने लोक ११६११७ फिरवतात. तो जर्मनीतल्या डॉक्टरांसाठी आहे. ऑस्ट्रियात १४५०, बेल्जियममध्ये १७३३, फ्रान्समध्ये वैद्यकीय तातडीसाठी १५. नेदरलँड्समध्ये संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी 'हाउसआर्टसेनपोस्ट', म्हणजे फॅमिली डॉक्टरांचं केंद्र, असतं. तिथे आधी फोन करायचा. डच लोक थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जात नाहीत. जीवावरचं नसेल तर तिथे तुम्हालाही आधी फॅमिली डॉक्टरकडे जायला सांगतील.

हॉटेलच्या रिसेप्शनला "डॉक्टर बोलवा" एवढंच सांगू नका. पर्यटनाच्या गावांत असा डॉक्टर बहुतेक वेळा प्रायव्हेट असतो. प्राग किंवा क्राकोमध्ये 'इंग्लिश बोलणारा डॉक्टर' शोधलात की पहिल्या जाहिराती प्रायव्हेट क्लिनिकच्याच येतात. डॉक्टर चांगला असेल, पण कार्ड तिथे चालणार नाही.

टप्पा ६: सरकारी यंत्रणेतला डॉक्टर आहे ना, हे आधी विचारा

दारात शिरल्यावर पहिलं वाक्य आजाराबद्दल नको, कार्डाबद्दल हवं. कार्ड पुढे करा आणि विचारा: हे घेता का? उपचार झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही. एकदा प्रायव्हेट रुग्ण म्हणून नोंद झाली की ती बदलून घेणं फार जड जातं.

कार्डाचं नाव देशागणिक बदलतं. जर्मनी-ऑस्ट्रियात ए-का-फाउ-का, फ्रान्समध्ये सेआम, पोलंडमध्ये एकूझ. एहिक म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा कोरा राहिला तर हे शब्द वापरून बघा.

ऑस्ट्रियात डॉक्टरच्या पाटीवर 'आल्ले कासेन' किंवा ओ-गे-का असं लिहिलेलं असेल तर तो सरकारी विम्याच्या करारातला. 'वालआर्ट्स्ट' लिहिलं असेल तर प्रायव्हेट. भाषा जर्मनच असल्याने आपण तिथे निर्धास्त होतो, आणि फसणारे बहुतेक तिथेच फसतात. पोलंडमध्ये एन-एफ-झेड ही अक्षरं शोधा. बेल्जियम आणि फ्रान्समध्ये डॉक्टर 'काँव्हाँस्योने' म्हणजे करारातला आहे का, हे विचारा. फ्रान्समध्ये पुढचा प्रश्न: सेक्टर एक की दोन? सेक्टर दोनचा डॉक्टर ठरल्या दरापेक्षा जास्त घेऊ शकतो, आणि वरचे पैसे सरकारी हिशेबातून परत येत नाहीत.

"सुट्टी संपवून जर्मनीत जाऊन दाखवा" असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा की अजून इतके दिवस आमचा मुक्काम आहे. नियम असा आहे की ठरलेला मुक्काम अर्धवट टाकून परतावं लागू नये, एवढे वैद्यकीयदृष्ट्या गरजेचे उपचार मिळाले पाहिजेत. दोन दिवसांचा मुक्काम आणि सहा महिन्यांचा अभ्यासक्रम यांत 'गरजेचं' याचा अर्थ वेगळा होतो, म्हणून परतीची तारीख सांगणं महत्त्वाचं.

टप्पा ७: पैसे कुठे भरायचे, कुठे नाही

सगळ्यांत जास्त गोंधळ फ्रान्सचा, म्हणून तिथे थांबते.

फ्रान्समध्ये डॉक्टरला आधी सगळे पैसे द्यायचे असतात. कार्ड दाखवलं तरी. ते कार्ड नाकारत नाहीत, तिथली पद्धतच तशी आहे, फ्रेंच माणूसही बऱ्याचदा आधी भरतो. सेक्टर एकच्या फॅमिली डॉक्टरची फी डिसेंबर २०२४ पासून ३० युरो आहे. सरकारी हिस्सा ७० टक्के, त्यातून २ युरो कापले जातात, म्हणजे ३० पैकी साधारण १९ परत. डॉक्टर तुम्हाला 'फय द स्वँ' नावाचा तपकिरी-पांढरा कागद देतो. पैसे परत मिळण्याचा आधार तो कागद, पावती नव्हे.

आमच्या मुलाचा कान दुखायला लागला तेव्हा आम्ही सीमेपलीकडच्या एका फ्रेंच गावात होतो. शनिवार संध्याकाळ होती. डॉक्टर मिळाले, औषध मिळालं, मुलगा शांत झोपला. मी कार्ड पेमेंटची चिठ्ठी जपून ठेवली, कारण भारतात बिल म्हणजे तीच. तपकिरी कागदावर डॉक्टरांची सही राहून गेली होती, आणि मी तो नीट वाचलाही नाही. घरी आल्यावर कळलं की त्या सहीशिवाय काहीच होत नाही. टपालाने पाठवून सही मागवण्यात दीड महिना गेला. तेव्हापासून मी बाहेर पडायच्या आधी दारातच उभी राहून कागद वाचते.

बेल्जियम आणि लक्झेंबर्गमध्येही डॉक्टरला आधी पैसे, मग परतावा. बेल्जियमचा कागद वेगळ्या नावाचा असतो, पण काम तेच: डॉक्टरने भरलेला, सही केलेला.

ऑस्ट्रियात करारातल्या डॉक्टरला काही द्यावं लागत नाही, फक्त एका छापील कागदावर सही करायची असते. औषधामागे ठरलेली फी असते, २०२५ मध्ये ती ७.५५ युरो होती. पोलंडमध्ये एन-एफ-झेडच्या डॉक्टरकडे तपासणी फुकट, औषधाचे पैसे कमी-जास्त. चेकियात रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी तातडीच्या सेवेत गेलात तर ९० कोरुना भरायचे. तिथला माणूसही तेवढेच भरतो.

नेदरलँड्समध्ये काही डॉक्टर कार्डाची नोंद घेतात, काही रोख घेऊन बिल देतात. बिलावर उपचाराचं वर्णन लिहून मागा. अठरा वर्षांवरच्या माणसाच्या दातांचे उपचार तिथल्या मूळ विम्यातच नाहीत, म्हणून कार्डावरही नाहीत. ॲमस्टरडॅममध्ये दाढ दुखली तर प्रवास विमाच कामाला येतो.

टप्पा ८: हॉस्पिटलात दाखल करायची वेळ आली तर

दाखल करून घेणाऱ्या खिडकीवर कार्ड, पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट द्या. रुग्ण आत असेल तर बरोबरच्या माणसाने हे काम त्याच दिवशी करावं. घरी जायच्या दिवशी बिल तयार झाल्यावर कार्ड काढलं तर सगळं उलटं फिरवावं लागतं.

पुढे केलेला प्रत्येक कागद वाचल्याशिवाय सही करू नका. स्वतंत्र खोली, मोठ्या डॉक्टरांकडून तपासणी अशा जास्तीच्या सेवांची संमती त्याच गठ्ठ्यात असते. ऑस्ट्रियात तिला 'झोंडरक्लासे' म्हणतात. भाषा कळत नसेल तर फोनवर फोटो काढून भाषांतर करून घ्या. थांबायला सांगण्यात कुणाचा अपमान होत नाही.

दिवसाला ठरलेली छोटी रक्कम फ्रान्स, ऑस्ट्रिया, बेल्जियममध्ये आपल्याला भरावी लागते. फ्रान्समध्ये त्याशिवाय उपचारखर्चाचा काही हिस्सा रुग्णावर येतो. प्रवास विमा असेल तर त्यांच्या मदतीच्या नंबरवर दाखल होताच फोन करा. नंतर कळवलं म्हणून कमी पैसे मिळाल्याचे किस्से मी पुष्कळ ऐकले आहेत.

आई-बाबांची गोष्ट वेगळी. ते तुमच्या कार्डावर कधीच येत नाहीत. त्यांच्यासाठी तुमचं कार्ड पुढे करणं हा गैरवापर आहे. शेंगेन व्हिसासाठी त्यांनी काढलेली पॉलिसी किमान ३०,००० युरोंची आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारी असते. म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये आई-बाबांना विम्याचा आधार आहे, आणि वेगळा विमा नसलेल्या मुलाला नाही. त्यांच्या पॉलिसीत जुन्या बीपी-शुगरबद्दल काय लिहिलं आहे ते भारतातून निघण्याआधी वाचा, आणि मदतीचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून बाबांच्या खिशात ठेवा. दोघं एकटे फिरायला गेले तर तो नंबर त्यांच्याजवळ हवा, तुमच्या फोनमध्ये असून काय उपयोग?

टप्पा ९: दवाखान्याबाहेर पडण्याआधीचे कागद

तपासा:
- नाव पासपोर्टप्रमाणे, जन्मतारीख बरोबर.
- निदान आणि उपचार लिहिलेले, प्रत्येकापुढे रक्कम.
- उपचाराची तारीख, डॉक्टरची सही आणि शिक्का.
- पैसे मिळाल्याची नोंद, रोख दिले तरी.
- प्रिस्क्रिप्शनची प्रत. औषधाच्या दुकानात मूळ कागद ठेवून घेतात, म्हणून आत जायच्या आधी फोटो.

कोरुना किंवा झ्लॉटीत पैसे भरले असतील तर बँकेच्या स्टेटमेंटमधली ती ओळ जपून ठेवा.

नोकरी करणाऱ्यांसाठी याच टप्प्यावर आणखी एक कागद. सुट्टीत आजारी पडलात आणि डॉक्टरने तसं प्रमाणपत्र दिलं तर ते दिवस सुट्टीतून कापले जात नाहीत. पण परदेशी डॉक्टरचं प्रमाणपत्र जर्मन डॉक्टरच्या ई-प्रमाणपत्रासारखं आपोआप कंपनीपर्यंत पोचत नाही. 'इतक्या तारखेपर्यंत काम करू शकत नाही' असं स्पष्ट लिहिलेला कागद मागा. नुसतं 'रुग्ण आला होता' पुरत नाही. त्याच दिवशी कंपनीला आजारपणाचा अंदाजे काळ आणि तुम्ही उतरलात तो पत्ता कळवा, क्रांकनकासेलाही कळवा. पत्ता देणं कायद्याने लागतं, आणि नेमकं तेच लोक विसरतात.

टप्पा १०: घरी आल्यावर पैसे परत मागणं

दोन रस्ते आहेत. एक, त्या देशातच मागणं. फ्रान्समध्ये स्थानिक सरकारी विमा कार्यालयात, बेल्जियममध्ये तिथल्या कुठल्याही आरोग्य विमा संस्थेत, कार्डाची प्रत आणि बँकेचा आयबॅन देऊन. लांबच्या मुक्कामाला गेलेल्या विद्यार्थ्यांना हे बरं पडतं. दोन, घरी येऊन आपल्या क्रांकनकासेकडे मागणं. चार दिवसांच्या सहलीसाठी मी हाच सुचवते.

क्रांकनकासे दोन पद्धतींनी हिशेब करू शकते: त्या देशाच्या दराने, नाहीतर जर्मनीत त्याच उपचाराला जे दिलं असतं त्या दराने, काही टक्के प्रशासकीय खर्च वजा करून. अर्जासोबत दोन ओळी लिहा की दोन्ही पद्धतींनी बघून जास्त बसेल ती रक्कम द्यावी. खिशातून भरायचा स्थानिक हिस्सा मात्र परत येईल असं धरू नका.

मूळ कागद पाठवण्याआधी सगळे स्कॅन करा. फ्रेंच किंवा पोलिश बिलाचं भाषांतर स्वतःच्या पैशाने करत बसू नका. युनियनच्या कुठल्याही अधिकृत भाषेतला कागद केवळ भाषेमुळे नाकारता येत नाही, असा सामाजिक सुरक्षेच्या नियमांत स्पष्ट उल्लेख आहे. बाजूला पेन्सिलीने जर्मनमध्ये 'कानाचा संसर्ग, तपासणी' एवढं लिहिलंत तर तपासणाऱ्याचं काम सोपं होतं.

प्रवास विमाही असेल तर त्यांना आधी विचारा की मूळ कागद त्यांना हवेत की क्रांकनकासेचं हिशेबाचं पत्र पुरेल. दोन्हीकडे एकाच वेळी मूळ कागद पाठवता येत नाहीत, आणि एकच रक्कम दोनदा मागणं चालत नाही. मागायला कायद्याने वर्षं मिळतात, तरी सहलीचे कपडे धुवायला टाकाल त्याच आठवड्यात अर्ज पाठवा. तोवर डॉक्टरचा नंबर हाताशी असतो, आणि एखादी सही राहिली असेल तर मागवता येते.